अआई बुडवली हो या गुरुजींनी!

ऐकलंत का? पहिलीच्या वर्गात आता म्हणे ‘अ’पासून सुरुवातच करत नाहीत! मग कशापासून? तर ‘म’पासून. नाहीतर ‘क’पासून. नाहीतर त्या शाळेतल्या बाईंनी रात्री जागून ठरवलेल्या भलत्याच अक्षरापासून! ज्या अननसाने पिढ्यान् पिढ्या साक्षर केल्या (निम्म्या पोरांनी तो चाखलाही नव्हता, ते सोडा), त्याला सरळ वर्गाबाहेर उभं केलंय. गणपतीचा ‘ग’सुद्धा रांगेत. काय चाललंय काय?

बरं, मंत्रालयातल्या कुणी बड्याने हे ठरवलं असतं, तर आपण नेहमीप्रमाणे चार शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण हे ठरवतायत साक्षात शिक्षक! पूर्वी प्रशिक्षण कसं सोज्वळ असायचं. राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तालुक्यावरून केंद्राला ज्ञानगंगा वाहायची आणि केंद्रात पोचेस्तोवर तिच्यात चहा, हजेरीपत्रक आणि ‘माईक चालू आहे का?’ एवढंच उरायचं. कुणाला काही त्रास नव्हता. आता कोण ते ‘सुलभक’ येतात, चार्टपेपर अंथरतात आणि म्हणतात, तुमच्या वर्गातल्या मुलांसाठी वाचनाचा क्रम तुम्हीच लावा. लावा म्हणे! गुरुजींना असं कुणी कधी विचारलं होतं का? यावर खरं तर निवेदनं जायला हवी होती, काळ्या फिती लागायला हव्या होत्या. पण हे लोक स्केचपेनं घेऊन मांडी ठोकून बसले. जेवणाची सुट्टी झाली तरी उठेनात. सरकारी प्रशिक्षणात जेवणाला उशीर? शिव शिव!

या वेडामागचा युक्तिवाद तरी काय, तर म्हणे आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे, कंठापासून ओठांपर्यंत. व्याकरणकारांच्या दृष्टीने सोन्यासारखी व्यवस्था. पण सहा वर्षांच्या पोराला ‘क ख ग घ ङ’ शिकवून हाती काय लागतं? फार तर ‘खग’. आणि त्याने तर आजवर चिमणीच पाहिलेली! ‘ङ’ची तर गोष्टच नको, तक्ता छापणाऱ्यांनाही त्याच्यासाठी कधी चित्र सापडलं नाही. उलट म, क, न, ल, र आणि एक काना एवढंच द्या, की नाक, कान, मामा, काका, लाल, कमाल, नाला असे शब्द भराभरा निघतात. चार अक्षरं येताच पोर वाचायला लागतं. म्हणजे वर्षभर घोकंपट्टीचा जो सात्त्विक आनंद होता, तो गेलाच की!

शिवाय जेवढी अक्षरं शिकवली तेवढ्यातच धडा लिहायचा, अशी अट. मग काय, गावोगावचे गुरुजी लेखक झाले! एका पठ्ठ्याने याच अक्षरांत घाम गाळून वाक्य जुळवलं आणि फळ्यावर झोकात लिहिलं: ‘मामा, काकाला मार ना!’ सभागृहात टाळ्या. वर्गात तर पोरांनी बाकं बडवली आणि ते वाक्य पुन:पुन्हा वाचलं. संध्याकाळी घरोघरच्या काकांवर काय बेतलं असेल, याचा कुणी विचार केला?

आणि हे खूळ आजचं नाही बरं का. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधीच रीत बिघडवून ठेवली होती. पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली! फलटणला तर मॅक्सिन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाई थेट अमेरिकेतून येऊन राहिल्या आणि मराठी मुलं वाचायला कशी शिकतात, यात डोकं घालून बसल्या. आपण तेव्हा कुठे होतो? ‘मराठीचं भवितव्य’ या परिसंवादात, दुसऱ्या रांगेत! वाडा तालुक्यात सोनाळ्याला नीलेश निमकर आणि त्यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था 2007पासून शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना हीच फूस लावतायत. त्यांचे ‘गोष्टरंग’वाले नट तर शाळेत जाऊन बालपुस्तकांतल्या गोष्टी चक्क करून दाखवतात.

5 जुलै 2021ला केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान आलं आणि या वेडावर सरकारी शिक्काच बसला. तिसरी संपेपर्यंत मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत, तेही समजून. झालं, घराघरात स्टॉपवॉच! आता ‘असर’च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी 2018मध्ये 50.5 टक्के होती, ती 2022मध्ये 42.8 टक्क्यांवर आली. हा आकडा ऐकून आपल्यापैकी कुणाच्या घशात घास अडकला नव्हता. अननस हलवला तेव्हा मात्र संस्कृतीच धोक्यात आली!

या पंथात नवे भक्त तरी किती! ‘आम्ही छडी खाऊन शिकलो’ असं परवापर्यंत गर्जणारे एक निवृत्त मुख्याध्यापक हल्ली बिस्किटांचे पुडे आणि साबणांची वेष्टनं जमवत फिरतात. का? तर नात दुकानातल्या छापील गोष्टी ओळखते, तिथूनच वाचन सुरू होतं म्हणे! गिरणीत दळण टाकायला आलेल्या बाई रांगेतल्या पोराला विचारतात, शब्दाच्या एकेका तुकड्याला एक टाळी, तर ‘चक्की’त टाळ्या किती? आणि तुम्ही हो? हे वाचता वाचता ओठातल्या ओठात स्वतःच्या नावाचे तुकडे पाडून पाहिलेतच ना? त्या 60 शब्दांचंही तेच. मोबाइल लावून आपण सगळ्यांनीच अग्रलेख वाचून पाहिलाय. मिनिटाला दीडशे शब्द, काय बिशाद कुणाची! फक्त त्यात म्हटलंय काय, असं पोराने विचारलं तेव्हा आपल्याला एकदम पाणी भरायची आठवण झाली.

पण खरा तमाशा पाहायचा तर शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप समूहावर, ‘ळ’च्या निमित्ताने. वर्णमालेत हा बिचारा ‘ह’च्याही मागे. आणि पोराचं जग बघा: शाळा, फळा, खेळ, केळं, सकाळ, बाळ, डोळे! शाळेत बसून ‘शाळा’ लिहायला वर्षभर थांबायचं? म्हणून एका गटाची मागणी, ‘ळ’ पहिल्या दोन महिन्यांतच हवा. त्यावर खानदेशातले एक सर उसळले: आमच्या पोरांच्या घरी डोळा नसतो, ‘डोया’ असतो, आधी कानाला सवय होऊ द्या, मग आणा तुमचा ‘ळ’! तिसऱ्या बाईंनी स्वतःच्या वर्गातले नमुने टाकले. चौथ्यांनी ‘मी तर दिवाळीआधीच घेतला, काही बिघडलं नाही’ म्हणून सगळ्यांना खिजवलं. रात्रीचे साडेअकरा झाले. वेतनश्रेणीच्या विषयावर एवढे मेसेज कधी आले नव्हते. शेवटी केंद्रप्रमुखांनी हात जोडल्याची खूण टाकून लिहिलं, ‘विषय बंद. सर्वांनी झोपावे.’

दोनच मिनिटांनी खाली मेसेज आला: ‘सर, पण मग जोडाक्षरांचं काय?’