लांब पल्ल्याची आरामदायी सायकल: निवडीची शास्त्रोक्त पद्धत

लांब पल्ल्यासाठी सायकल निवडणे म्हणजे कोणता अवयव कितव्या किलोमीटरला तक्रार करील, हे आगाऊ ठरवणे होय. ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या ‘बीआरएम’ या सायकल उपक्रमांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४०. याच धर्तीच्या, फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राईडचे सुमारे १२०० किलोमीटर ९० तासांत उरकावे लागतात. यांतली एकही शर्यत नव्हे. पहिल्या आणि शेवटच्या स्वाराला मान सारखाच. तरीही दुकानात पहिला प्रश्न येतो तो सायकलच्या वजनाचा. तेवढेच वजन स्वाराच्या पोटावरून फुकटात उतरू शकते, हे तिथे बोलायची पद्धत नाही.

सर्वाधिक विचार सीटचा करावा. गिऱ्हाईक सीट अंगठ्याने दाबून पाहते आणि सोफ्यासारखी मऊ निघाली की खूश होते. पण सायकलवर अंगठा बसत नाही. भार बसण्याच्या दोन हाडांवर यायला हवा. जाड जेलमध्ये ती हाडे रुततात, दाब मधल्या नाजूक भागावर जातो आणि तिथे बधिरता येते. म्हणून सीटची रुंदी हाडांच्या मापाने घ्यावी. नालीदार पुठ्ठ्यावर बसावे, उठावे आणि दोन खळग्यांमधले अंतर मोजावे. घरी पाहुणे असताना हा प्रयोग टाळावा, खुलासा लांबतो. कातडी सीट शेकडो किलोमीटरनंतर स्वाराच्या आकाराला येते. तोवर कोण कोणाला आकार देत आहे, हे स्पष्ट नसते. पॅडच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, ही माहिती बहुधा पहिल्या राईडनंतर मिळते.

फ्रेम अशी असावी की हँडल सीटच्या पातळीच्या आसपास येईल. फार वाकवणारी रेसिंग फ्रेम फोटोत शोभते. मागाहून मान आखडते आणि तळव्यातली नस दबून करंगळी बधिर होते. यावर जालीम उपाय म्हणजे रेलून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोरने अशा सायकलवर तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम मोडला आणि पुढच्याच वर्षी यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला शर्यतींतून बाद केले. इतका आराम खेळाला परवडण्यासारखा नव्हता.

टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे घ्यावेत आणि हवा दगडासारखी भरू नये. खडबडीत रस्त्यावर अंग हादरण्यात वाया जाणारी शक्ती त्याने वाचते. खड्ड्यांच्या मापाने निवडायचे तर ट्रॅक्टरचेच टायर लागतील. घाटासाठी पुढे ३४ आणि मागेही ३४ दातांची चक्री असावी. पेडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी होते आणि शेजारून पायी चालणाऱ्याशी निवांत बोलता येते. पावसाळी राईडला मडगार्ड हवेतच. त्यांचा लाभ मुख्यतः मागच्या स्वाराला होतो, म्हणून ते कोणी स्वतःहून लावत नाही.

दुकानासमोरच्या गल्लीत दोन मिनिटे चालवून निर्णय घेऊ नये. दोन मिनिटे प्रत्येकच सायकल आरामदायी असते. आपल्या मापाची सायकल मित्राकडून मागून शंभर किलोमीटर चालवावी. असा मित्र दुसऱ्यांदा सायकल देत नाही, तेव्हा सारख्या उंचीचे मित्र आधीपासून जमवून ठेवावेत.