माझ्या एका मैत्रिणीला

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण रचणाऱ्यानं माझं घर पाहिलेलं असणार. माझा जावई नाशिकला त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि मी ५३व्या वर्षी सायकल चालवायला लागले. बाकी सगळं म्हणीनंच उरकलं.

सोसायटीतल्या आम्ही तिघी दर रविवारी खडकवासल्याला जायचो. जाऊन-येऊन ३५-४० किलोमीटर. महिन्याभरात पायांनी तक्रार सोडली आणि भलत्याच भागानं सुरू केली. मी खुर्चीत हप्त्याहप्त्यानं बसायला लागले. आधी डावी बाजू, मग उजवी. नवऱ्यानं विचारलं, “काय झालं?” म्हटलं, “काही नाही.” सांगणार तरी काय? या जागेला मराठीत एक तर शिवी आहे, नाही तर संस्कृत. मधलं काही नाही.

म्हणून आधी स्वतःचे उपाय केले. सीटवर चढवायचं इतकं गुबगुबीत जेल कव्हर आणलं, की सायकलवर कुणीतरी ढोकळा ठेवल्यासारखं दिसे. पुढच्या रविवारी दुखणं दुप्पट. शेवटी नाशिकला फोन लावला.

“अरे, माझ्या एका मैत्रिणीला...”

“हं, बोला आई.”

मी बोलले. तिकडे किंचित शांतता झाली.

“मैत्रीण सायकल चालवतात का?”

“चालवते वाटतं.”

“पॅडवाली शॉर्ट घालतात? तिच्या आत काही घालतात का?”

“म्हणजे काय! चांगल्या घरातली आहे ती!”

“त्यांना म्हणावं, आत काही घालू नका.”

जावयानं सासूला हे सांगावं आणि सासूनं “बरं, सांगते” म्हणावं! पण कारण पटण्यासारखं होतं. ते पॅड थेट अंगाला लागावं म्हणूनच शिवलेलं असतं. आतल्या कपड्याची शिवण, लेस, इलॅस्टिक तासाला हजारो वेळा एकाच रेघेवर घासतं. घासलेली कातडी, त्यात घाम, त्यात जंतू. आधी लाली, मग केसाच्या मुळाशी पुळी, मग गाठ. आणि ढोकळा? बसायचा भार बैठकीच्या दोन हाडांनी उचलायचा असतो. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग चेपला जातो. जाड गादीचं सुख दिवाणावर.

“घरी आल्यावर लगेच कपडे बदलतात ना?”

इथे मी गप्प झाले. खडकवासल्याहून परतताना मिसळ. मिसळीनंतर चहा. चहानंतर तिथे नसलेल्या चौथीबद्दल चर्चा. ओलीचिंब शॉर्ट दीड-दोन तास अंगावरच. म्हटलं, “विचारते तिला.”

मग पथ्य आलं. चार दिवस सायकल बंद. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याचा शेक, सैल सुती कपडे, आणि फोडायचं अजिबात नाही. “आणि आई, कपाटातली ती सगळ्यावर चालणारी ट्यूब मैत्रिणीनं लावायची नाही.” याला कपाट कसं दिसलं? खाजेपासून गजकर्णापर्यंत सगळ्याला आम्ही तीच चोपडत आलोय. तिच्यात स्टिरॉइड असतं, कातडी पातळ होते, असं तो तावातावानं सांगत राहिला. “गाठ वाढली, पू झाला, ताप आला तर दाखवायलाच हवं,” म्हणाला, आणि घाईघाईनं पुढे, “मला नाही! पुण्यात माझी एक वर्गमैत्रीण आहे, तिला.”

रात्री उशिरा त्याचा मेसेज आला. फोनवर बोलायचा त्यालाही धीर झाला नसावा. २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या आधी ब्रिटनच्या महिला सायकलपटूंना तिथले केस काढणं बंद करा असा सल्ला दिला होता म्हणे. केस घर्षण सोसतात आणि वस्तऱ्यानं, वॅक्सनं मुळं दुखावतात. खाली लिहिलं होतं, ‘मैत्रिणीसाठी.’ मी अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

घर्षण कमी करायला क्रीम लावावं, हेही त्यानं सांगितलं होतं. कुठलं, ते विचारायचं राहिलं. बरं वाटल्यावर एका सायकल ग्रुपबरोबर कात्रजच्या घाटाला गेले. पायथ्याशी ग्रुपमधल्या एका पोरानं मोठ्या मनानं आपली डबी पुढे केली. “काकू, एकदम थंडगार!” झाडाआड जाऊन लावलं. त्यात मेंथॉल होतं. ज्या कातडीसाठी ते बनवलंय, ती माझी नव्हे, हे मला दोनशे मीटरवर कळलं. त्यानंतर बोगद्यापर्यंत मी सीटला टेकलेच नाही. अख्खा घाट उभ्यानं हाणला. मागून आवाज आले, “काकूंचा काय स्टॅमिना आहे!”

मग मात्र मी हे प्रकरण शास्त्रानं घ्यायचं ठरवलं. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, त्यावर बसून थोडं पुढे वाकायचं. उठलं की पुठ्ठ्यावर दोन खळगे. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं आणि सीट त्याहून थोडी रुंद घ्यायची. बायकांची ही हाडं बहुधा पुरुषांपेक्षा लांब-लांब असतात. माझी सीट चक्क दोन बोटं अरुंद निघाली. मोजमाप चालू असताना वरच्या मजल्यावरचे काका थबकले. “लिफ्ट बंद आहे का?” मी “हो” म्हटलं. ते बिचारे चार मजले चढून गेले.

सीट उंचही होती. दर पायडलला माझी कंबर डावी-उजवीकडे डुलायची. मी ती माझी लकब समजत होते.

या सगळ्यात मला धीर दिला तो लोराँ फिन्यों या फ्रेंच गड्यानं. १९८९ची टूर द फ्रान्स. तीन आठवडे, तीन हजारांवर किलोमीटर, शेवटच्या दिवशी ५० सेकंदांची आघाडी. आणि याच जागेच्या दुखण्यानं रात्रीची झोप उडालेली. ग्रेग लमाँडनं त्याला ८ सेकंदांनी हरवलं. अख्ख्या जगाला त्याचं कुठे दुखतंय ते कळलं. माझं निदान नाशिकपर्यंतच होतं.

दिवाळीत लेक-जावई आले, विहीणबाईही आल्या. फराळाला सगळे बसलेले असताना जावयानं चकली मोडत विचारलं, “आई, मैत्रीण कशा आहेत?”

“कुठली मैत्रीण?” नवरा.

“बसते आता नीट,” मी म्हटलं आणि चहा बघायला उठले.

विहीणबाई मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. दार अर्धं लोटून घेतलं. नाशिकला त्यांच्याही एका मैत्रिणीनं नुकतीच सायकल घेतली होती.