भावजी, व्होडका आणि पैठणी

अहो वहिनी, जरा भिंतीजवळ या. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. आणि हा कढीपत्ता घ्या आधी, नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जाईल.

तर काय, पलीकडचे भावजी परवा चौकातल्या वाइन शॉपमधून बाहेर पडले. हो हो, तेच! जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, तेच भावजी. आमच्या ह्यांनी स्वतः पाहिलं, कागदात गुंडाळलेली छोटी बाटली होती हातात. हे म्हणाले, रिटायर झालं की माणसं अशीच बिघडतात. मी म्हटलं, थांबा, आधी चौकशी तर करू.

केली चौकशी. बाटली केकला लागते म्हणे!

हसू नका, खरंच लागते. खायचा सोनेरी रंग मिळतो ना, पावडरचा, तो पाण्यात कालवला तर केकवरची साखर विरघळायला लागते, चिकट होते आणि वाळता वाळत नाही. व्होडकात कालवला की दारू उडून जाते आणि रंग तेवढा मागे राहतो. केकवरच्या आख्ख्या पैठणीचे काठ रंगवायला चमचा-दोन चमचे पुरतात. बाकीची बाटली मिसेसनी माळ्यावर, सुटकेसच्या मागे ठेवलीय, पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको म्हणून. ज्यांना हे चालत नाही, त्यांच्यासाठी भावजी कोरड्या ब्रशनं पावडर फिरवतात. झळाळी कमी येते, पण विचारल्याशिवाय बाटली उघडत नाहीत. हे मात्र मला आवडलं.

सुरुवात कशी झाली ठाऊक आहे? 2020 च्या लॉकडाउनमध्ये कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिट्टी काढून आपण सगळ्यांनीच केक केले. त्यांच्या सुनेनं तर ऑनलाइन क्लास लावला, सामान मागवलं, आणि नोकरीवर परत बोलावणं आल्यावर सगळं खोक्यात भरून निघून गेली. भावजी माळा आवरत होते. खोक्यात क्रीम पिळायच्या त्या स्टीलच्या टोप्या, नोझल. एक उचलून डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, ‘याची कड कोणी घासलीय? मेंढरानं?’ पिंपरीतल्या कंपनीच्या टूलरूममध्ये अख्खी नोकरी डाय बनवण्यात गेली, त्या माणसाला ती कड बघवेना. बारीक कानस काढली, कड साफ केली. मग कड साफ झाली की नाही हे कळायला त्यातून काहीतरी पिळून बघायला हवं! झालं. घरात आयसिंग शुगर आली.

आधी काय करायचे, स्टीलचं ताट उपडं घालायचं आणि त्यावर डालडा न् साखरेच्या मिश्रणाचे गुलाब काढायचे. खरवडायचे, परत भरायचे, परत काढायचे. मग थर्माकोलचा डमी आणला. मिसेस म्हणत होत्या, स्वयंपाकघरात चहाचं आधण कधी ठेवलं नाही या माणसानं, आणि आता ओटा सोडत नाही. तसा केक भाजायचा अजून कंटाळाच आहे त्यांना. भाजतात मिसेसच, बिनअंड्याचा, दही-सोडा घालून. भावजींचं राज्य केक पूर्ण थंड झाल्यावर सुरू होतं.

आणि राज्य म्हणजे काय! केक टर्नटेबलवर, शेजारी स्पिरिट लेव्हल. मी स्वतः पाहिलीय बाई, केकवर बोर्ड, बोर्डवर ती पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा मध्ये येईपर्यंत सुरी चालू. केकवर चढवायचं ते साखरेचं फॉन्डंट लाटलं की व्हर्नियरनं जाडी मोजतात, तीन ते चार मिलिमीटर. त्याहून पातळ झालं तर फाटतं, जाड राहिलं तर खाणारा वैतागतो. (तसं खातंय कोण? आमच्याकडे तर सगळे ते साल काढून बशीच्या कडेला ठेवतात. भावजींसमोर मात्र मी खाते.)

फॉन्डंटच्या आत क्रीम लावत नाहीत ते, गनाश लावतात. दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम. थंड झालं की घट्ट बसतं आणि केकची कड काटकोनात येते. क्रीम लावलं तर वजनानं आणि ओलाव्यानं वरचं फॉन्डंट सुटायला लागतं. आणि आपण बेकरीतून क्रीमचा म्हणून जो केक आणतो ना, त्यातलं क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसतंच म्हणे. वनस्पती तेलाचं असतं, फ्रीझरमध्ये ठेवायचं, आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढायचं, भांडंसुद्धा गार करून फेटायचं. उन्हाळ्यात तेवढं तरी तग धरतं, साय कुठून धरणार!

लाल आणि काळ्या रंगाचं दुखणं वेगळं. क्रीममध्ये रंग ओतत गेलं तर जीभ कडू आणि दात काळे. म्हणून काळं हवं असेल तर आधी चॉकलेटचंच क्रीम घ्यायचं, त्यात थोडा जेल रंग घालायचा आणि रात्रभर ठेवायचं. रंग आपोआप गडद होतो. चॉकलेटमध्ये तर पाण्याचा रंग घातला की ते तिथल्या तिथे आवळून रवाळ होतं, त्याला तेलातला रंगच लागतो. हे सगळं ते मला रेशनच्या रांगेत सांगत होते, बोला!

पण त्यांचं खरं काम बघायचं असेल तर संक्रांतीचं बघा. नातवाच्या बोरन्हाणाला केक केला होता, वरून खाली काळा कुळकुळीत. सासूबाई म्हणाल्या, काळा केक कसला अभद्र! मी म्हटलं, संक्रांतीला आपण नेसतो ती चंद्रकळा काय पांढरी असते? त्या काळ्यावर पांढऱ्या रॉयल आयसिंगचे बारीक बारीक ठिपके देऊन हलव्याचे दागिने काढले होते. हार, बाजूबंद, मुकुट, बासरीसुद्धा. प्रत्येक ठिपक्याला टोक, खऱ्या हलव्याला काटा असतो तसं. त्यांची आई हलवा करायची ना, मंद शेगडीवर परातीत तीळ, चमच्या-चमच्यानं पाक, आणि हातानं सतत हलवणं. काटा यायला दिवस जायचे. भावजी लहानपणी शेजारी बसून बघायचे. मला वाटतं, टूलरूमपेक्षा हे जुनं शिक्षण त्यांच्या हातात जास्त उतरलंय. ते मान्य करणार नाहीत.

रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि आयसिंग शुगर, वाळलं की खडूसारखं कडक. आपल्याकडे अंडं म्हटलं की अर्ध्या घरांत अडतं. पण पुण्याच्या प्राची धबल देब आहेत ना, त्यांनी तेच बिनअंड्याचं करून 2022 मध्ये 100 किलोंची मिलान कॅथेड्रलसारखी इमारत उभी केली, लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नोंद झाली. त्याचा पेपरातला फोटो भावजींनी कापून फ्रिजवर लावलाय, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवर. मिसेसची तारीख चुकली त्यात.

आता मुख्य बातमी. गेल्या महिन्यात तणातणी झाली. तिसऱ्या गल्लीतली ती मुलगी, घरून केक करते ती, माहितीये ना? नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर तिच्याच ओव्हनवर चाललंय. भावजी सगळ्यांना केक फुकट द्यायचे. फार तर सामानाचे पैसे घ्यायचे, वर म्हणायचे, ‘माझ्या वेळेचे कसले पैसे, मला तर मजा येते.’ गल्लीतल्या बायकांना काय, फुकटचं मिळतंय! मग त्या मुलीकडे जाऊन म्हणायला लागल्या, ‘काका साहित्याच्या भावात करतात, तू एवढे कसे लावतेस?’

एक दिवस आलीच ती फाटकाशी. आवाज चढवला नाही, पण जे बोलली ते सगळ्यांनी ऐकलं. म्हणाली, ‘काका, तुम्ही हौसेपायी मोठा केक फुकट देता. माझं लाइट बिल, गॅस, खोकी, माझ्या नोंदणीची फी, रात्री दोनपर्यंत उभं राहणं, हे लोकांनी कशात मोजायचं?’ भावजी गप्पच. मला विचाराल तर तिचं शंभर टक्के बरोबर होतं. विकायचं म्हटलं तर एफएसएसएआयची नोंदणी घरच्या धंद्यालाही लागते, ती तिच्याकडे आहे, भावजींकडे नाही. पेन्शनवाल्याची हौस आणि तिची चूल एकाच तराजूत घालायची नाही. आपल्यातल्याच बायकांनी घातली, त्यात आमच्याकडचीही एक होती, नाव घेत नाही.

भावजी आठवडाभर ओट्याकडे फिरकले नाहीत. मग स्वतःच तिच्याकडे गेले. आता ठरलंय असं, की ऑर्डर सगळ्या तिच्याकडे. साखरेची फुलं, पैठणीचे मोर, नारळी काठ, असलं डोळे फोडणारं काम भावजी करून देतात आणि ती त्यांना प्रत्येक नगाचे ठरलेले पैसे देते. घ्यायचे नव्हते त्यांना, तिनं घ्यायलाच लावले. दोन मजल्यांच्या केकला मधोमध दांडा लागतो, त्याचा बोर्डही तेच करून देतात, नट-बोल्टसकट. वाकडच्या खड्ड्यांतून केक हलला नाही म्हणून ती मुलगी परवा पेढे देऊन गेली. केक करणारीनं पेढे द्यावेत, हे एक गंमतच.

परवा एकीनं आपल्या कुंपणावरची कण्हेरीची फुलं आणली, म्हणे खरी फुलं लावा केकवर, स्वस्तात होईल. दोघांनी एकदमच हात जोडले. विषारी असते ती, कळत नाही का लोकांना! आणि डबीवर नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली चमकीही ते लावत नाहीत. खायची असेल तर डबीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं म्हणतात.

बरं, तुमच्या नातीचा पहिला वाढदिवस आहे ना पुढच्या महिन्यात? मग त्या मुलीला आजच फोन करा. निदान आठ-दहा दिवस आधी सांगावं लागतं, फुलं वाळायलाच वेळ जातो. माणसं किती ते नीट सांगा. केक गाडीच्या सीटवर ठेवू नका, सीट उतरती असते, खाली पायाशी सपाट जागेवर ठेवा आणि एसी चालू ठेवा. फ्रिजमधून काढल्यावर फॉन्डंटला घाम येतो, तो पुसायला जाऊ नका, आपोआप वाळतो. आणि वहिनी, ती सांगेल तो भाव द्या. घासाघीस भाजीवाल्याशी करा.

हे हाक मारताहेत. जाते. बाटलीचं मी सांगितलं, असं कुणाला सांगू नका हं.