पॅकेट घाटकोपरला कसे पोहोचवावे

डायल-अपवर वाट चुकण्याची सोय मुंबईत सुरुवातीला सर्वांना नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० रुपयांत शेल खातं मिळे. वाट शोधण्याचं काम निगमाचं यंत्र करी. घरच्या यंत्राला स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजेच स्वतः चुकण्याचा अधिकार हवा असेल, तर टीसीपी-आयपी खात्याचे १५,००० मोजावे लागत. पुढे दर उतरले आणि हा अधिकार अंधेरी-बोरिवलीपर्यंत पोहोचला. तेव्हा लिनक्सवर १७२२२२ हा डायल-अपचा नंबर लागूनही पान उघडत नसेल, तर प्रथम टेलिफोनवाल्यांना रीतसर शिव्या घालाव्यात आणि मग कामाला लागावं. फोन लागला म्हणजे वाट सापडली असं नसतं.

पुरावा कर्नलच्या दप्तरात असतो. ‘रूट -एन’ असं विचारावं. ‘एन’ गाळू नये. गाळल्यास यंत्र प्रत्येक आकड्याचं नाव विचारायला त्याच बंद वाटेने निघतं आणि पडदा गोठतो. समोर आलेल्या यादीत ०.०.०.० ही ओळ, म्हणजे डिफॉल्ट रूट, पीपीपी-शून्यकडे, म्हणजे फोनच्या जोडणीकडे, बोट दाखवते का, एवढंच पाहायचं. बहुधा ती दाखवते ईथरनेट कार्डाकडे. लॅमिंग्टन रोडवरून हौसेने आणलेलं कार्ड बसवताना गेटवेचा रकाना रिकामा दिसला आणि मराठी माणसाला फॉर्ममधला रकाना रिकामा सोडवत नाही. मग फोनची जोडणी सांभाळणारा पीपीपीडी येतो, आधीचा डिफॉल्ट रूट पाहतो, लॉगमध्ये तशी नोंद करतो आणि पागडीच्या भाडेकरूला हात न लावता बाजूला उभा राहतो. जोडणी शाबूत, पॅकेटं मात्र कुठेच न जाणाऱ्या तारेत. ‘रूट डेल डिफॉल्ट’ म्हणून फोन पुन्हा लावावा आणि तो रकाना कायमचा पुसावा, नाहीतर भाडेकरू पुढच्या बूटला परत येतो.

यावर मुलुंडहून आक्षेप येईल की पावसात तार भिजते, दोष तिचाच. पण भिजलेली तार पत्ता पाहून भेदभाव करत नाही. पीपीपीच्या पलीकडच्या टोकाचा आकडा पिंगला उत्तर देतो आणि त्यापुढचे सगळे गप्प, तर तार निर्दोष सुटली. आकडे बोलतात, नावं बोलत नाहीत, तर खटलाच वेगळा. तो रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फवर भरावा. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: त्याच यंत्रावर विंडोज कसं चालतं? चालतं, कारण ते कुणाला न विचारता आपली वाट जुनीच्या वर ठेवतं. युनिक्स विचारतं, न विचारलेलं बरं, असं फक्त घाईतल्या माणसाला वाटतं.

एवढं करूनही अंधेरीचं पॅकेट दुसऱ्या कंपनीच्या घाटकोपरच्या गिऱ्हाइकाकडे रेंगाळत जात असेल, तर ट्रेसरूट लावावा. २००३मध्ये निक्सी येऊन कंपन्यांची देशातच गाठ पडेपर्यंत असं पॅकेट अनेकदा अमेरिकेला वळसा घालून येई. तिथे आपली कोणतीच आज्ञा चालत नाही. निरोप तातडीचा असेल तर आगरकर चौकातून बेस्टची ३४० पकडावी. ती साकीनाक्याला अडकेल, पण देश सोडणार नाही.