सोंग नव्हे हो!

अहो वहिनी, कढीपत्ता तोडा बिनधास्त, फांदी तुमच्याच बाजूला आलीय. आणि काल रात्री आमच्याकडे ठोकाठोक ऐकू आली असेल, आमच्या धाकट्याची. माळ्यावरचा जुना रेडिओ काढला आणि बसला उघडून. ताट झाकलेलं तसंच. सोंग नव्हे हो, एडीएचडी आहे त्याला, हाका खरंच कानात शिरत नाहीत त्याच्या.

काय म्हणालात? एडीएचडी म्हणजे लक्ष लागत नाही ना, मग इतकं कसं लागतं? आमच्या नणंदबाईही हेच म्हणाल्या! डॉक्टर म्हणतात, लक्ष कमी नसतं, त्याचा लगाम हातात नसतो. आवडीच्या कामावरून उठवत नाही आणि विजेचं बिल भरायला बसवत नाही. आवडीच्या कामात असं बुडण्याला हायपरफोकस म्हणतात. गंमत बघा, डॉक्टर ज्यावरून निदान करतात त्या २०१३ च्या अमेरिकी डीएसएम-५ पुस्तकात लक्षणांच्या यादीत हे नाहीच. मग लोकांना पटायचं कसं? त्या यादीतली काही लक्षणं १२ वर्षांच्या आतच दिसलेली असावी लागतात, म्हणून डॉक्टरांनी त्याचं लहानपण मला विचारलं. मी प्रगतिपुस्तकंच पुढे ठेवली. 'हुशार, पण धांदरट', दरवर्षी तोच शेरा!

सूनबाई मात्र पक्की. लांबून हाक मारतच नाही. मारली तर हा 'हो' म्हणतो, आणि आपण 'हो' म्हटलं हेही त्याला आठवत नाही. ती जवळ जाते, खांद्यावर हात ठेवते, त्याने वर बघितलं की मगच बोलते. मोबाइलचा गजर तो न बघताच बंद करतो, म्हणून गजराचं घड्याळ ठेवलंय स्वयंपाकघरात. उठावंच लागतं. उठला की पाणी पितो, बाथरूमला जाऊन येतो. हसू नका, तेही राहून जातं त्याचं.

पण खरी मेख सुरू करण्याआधी आहे. एकदा बुडाला की थांबायचं ठरवणार कोण? म्हणून कुठवर करणार ते आधीच वदवून घ्यायचं. 'अर्धा तास' म्हणून उपयोग नाही, वेळेचा अंदाजच त्याला येत नाही. 'मागचं झाकण बसलं की बंद' असं काहीतरी हवं. उठताना पुढचं काम चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, नाहीतर जीव तिथेच अडकतो आणि आपल्यावर चिडचिड. आणि बाहेर जायचं असेल तर नवीन काही हातात घ्यायचंच नाही. परवा मुंजीला मुहूर्ताआधी पोचलो, मामी बघतच राहिल्या!

औषधाचं विचारताय? गोळी आहे ना. रिटालिन ऐकलंय? १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या पनिझोन नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते औषध बनवलं. पुढे नाव ठेवलं बायकोवरून, तिला रीटा म्हणायचे. आमच्या ह्यांनी कधी स्कूटरलासुद्धा माझं नाव दिलं नाही. पण गोळीने मदत होते तेवढीच. लक्ष कुठे लावायचं नि कधी काढायचं, ते गोळी थोडीच सांगणार?

तुमची चिमी चित्रात तासन्‌तास रंगते आणि वर्गात खिडकीबाहेर बघते म्हणालात ना? चित्र काढताना लक्ष लागतं म्हणजे तिला काही नाही, असं घरच्या घरी ठरवू नका. मुली बऱ्याचदा दंगा करत नाहीत, म्हणून त्यांचं उशिरा लक्षात येतं. असेलच असं मी म्हणत नाही. पण तिला रागवण्याआधी एकदा मनोविकारतज्ज्ञांना दाखवून या.