पंधरा पीएसआय

मी तक्रारखोर माणूस नाही. नोकरी क्वालिटीत आहे, त्यामुळे दिवसाचे साडेआठ तास मला तक्रारी करण्याचा पगार मिळतो. घरी येऊन फुकट करायची इच्छा उरत नाही. पण गेल्या वर्षी मी एक पॅडलबोर्ड घेतला आणि त्याची रिजेक्शन नोट नक्की कुणाच्या नावानं फाडायची, हे अजून ठरत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

पॅडलबोर्ड म्हणजे दहा-साडेदहा फुटांची फळी. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मागे सारत जायचं. हवाईत वायकीकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारी काही मंडळी गेल्या शतकात असं उभ्यानं वल्हवत असत. नंतर लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा यांच्यासारख्या तिथल्याच सर्फरांनी ती पद्धत नव्यानं उचलली, आणि मग ती जगभर हिंडत खेड तालुक्यातल्या निघोजे गावी माझ्यापर्यंत आली. वाटेत तिला कुणीही अडवलं नाही.

या स्टँड-अप पॅडलबोर्डला थोडक्यात 'सप' म्हणतात. घरी आईला सांगितलं, 'सप' घेतोय. आईनं 'सूप' ऐकलं.

"दोन आहेत की घरात. एकाची कड तेवढी उसवलीय."

मी किंमत सांगितली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि संध्याकाळी बोलली ती बायकोशी.

घेण्यापूर्वी मी रीतसर चौकशी केली. विकणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "पाणी कुठलं?" हा प्रश्न निघोज्याच्या माणसाला विचारू नये. आमच्या गावाला नदी आहे, आणि साधीसुधी नाही, इंद्रायणी आहे. वर देहू, खाली आळंदी, मधे आम्ही. तुकोबांची गाथा याच नदीनं तेरा दिवस सांभाळून कोरडी वर आणून दिली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आज त्या वह्या बुडवायच्या म्हटल्या तर आधी जलपर्णीत जागा करावी लागेल. उन्हाळ्यात नदी कुठून सुरू होते आणि हिरवळ कुठे संपते ते काठावरून कळत नाही. पावसाळ्यात पाणी दिसतं, पण तेव्हा ते बोर्डासकट माणूस तुळापूरला भीमेच्या स्वाधीन करील इतक्या घाईत असतं. आणि आळंदीजवळ पांढरा फेस. समुद्रात आधी लाट येते, ती फुटते, मग फेस होतो. आमच्याकडे मधले टप्पे गाळले आहेत.

हे सगळं मी विकणाऱ्याला फोनवर सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मग तुम्ही सर, फ्लॅट वॉटर आणि स्मॉल वेव्हज, दोन्हीला चालेल असा ऑलराउंड घ्या."

'दोन्हीला चालेल' हे शब्द मी पूर्वी एकदाच ऐकले होते, लग्नाचा शर्ट घेताना. तो ना पुढे लग्नात शोभला ना ऑफिसात.

पुढचे दोन महिने वाचून माझ्या लक्षात आलं की संथ पाणी आणि लाट यांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. संथ पाण्याला बोर्ड लांब हवा, अरुंद हवा, नाक टोकदार आणि तळाला होडीसारखी धार, म्हणजे तो पाणी कापत सरळ जातो. खाली एकच मोठा पंख. लाटेला बोर्ड आखूड हवा, नाक गोल आणि वर उचललेलं, नाहीतर ते पाण्यात घुसतं. पंख लहान आणि शक्यतो तीन, कारण तिथे सरळ जायचं नसून वळायचं असतं. वल्हंसुद्धा संथ पाण्याला उंच, लाटेला बुटकं. यातला ऑलराउंड म्हणजे १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. तो संथ पाण्यात थोडा हळू जातो आणि लाटेवर थोडा उशिरा वळतो. दोन्ही पक्षांना सारखं नाराज ठेवणं याला कारखान्यात आम्ही प्लॅनिंग म्हणतो, दुकानात ऑलराउंड म्हणतात.

दुसरा प्रश्न, "वजन किती?" मी ८७ सांगितलं. तो म्हणाला, दप्तर, पाणी, सगळं धरून सांगा. मी ९२ सांगितलं. तो म्हणाला, मग अरुंद बोर्डाच्या नादी लागू नका, ३३ इंच बघा, आणि ४ इंच जाडीचा तर अजिबात नको, मधे वाकेल. इतकं खरं मला डॉक्टरनंही सांगितलेलं नाही.

मग कडक की हवेचा? कडक म्हणजे आत फोम, वर फायबर आणि इपॉक्सी. लाटेवर तोच चांगला. पातळ असतो, पाण्याचं ऐकतो. पण तो ३२० सेंटिमीटरचा. आमचं जुनं घर पाडून आम्ही तीन मजली बांधलं, खालच्या दोन मजल्यांवर खोल्या काढून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या, आम्ही वर. जिना बांधताना गवंड्यानं भाडेकरूचं कपाट डोळ्यांसमोर ठेवलं होतं. मी ३२० सेंटिमीटरचा बांबू घेऊन जिन्याची ट्रायल घेतली. पहिल्या वळणाला बांबू अडला, दुसऱ्या वळणाला मी अडलो. हवेचा घ्यायचं ठरलं. तो गुंडाळून पाठीवरच्या बॅगेत बसतो, वजन नऊ-दहा किलो.

पार्सल आलं त्या दिवशी खालच्या खोलीतला लातूरकडचा मुलगा उचलायला धावला. खोक्यावर बोर्डाचं घनफळ छापलं होतं, तीनशे लिटर. त्याचा चेहरा उजळला.

"काका, टाकी वाढवताय का?"

मी नाही म्हणालो. त्या महिन्याचं भाडं उशिरा आलं.

नदीकाठी आमच्या आप्पांचं, म्हणजे चुलत्यांचं शेत आहे. एमआयडीसीत गेलं त्यातून उरलेलं. कांदा, थोडा ऊस, एक गाय. बोर्ड पहिल्यांदा उलगडायला तिथे नेला, कारण अंगण मोठं. आप्पा बाजेवर बसून बघत होते. मी पायाला बांधायची दोरी काढली.

"हे काय?"

"पडलो तर बोर्ड लांब जाऊ नये म्हणून."

"म्हणजे दावं." आप्पा गायीकडे बघत म्हणाले. "तिला गळ्यात, तुला पायात."

वास्तविक हे दावंही नीट निवडावं लागतं. समुद्रात सरळ दोरीचं, संथ पाण्यात गुंडाळीचं, म्हणजे ते पाण्यात लोंबत नाही. आणि वाहत्या नदीत पायाला बांधायचंच नाही. फांदीत अडकलं तर वाकून सोडवायला प्रवाह वेळ देत नाही. तिथे कमरेला झटक्यात सुटणारा पट्टा लागतो. हे सगळं मी आप्पांना समजावलं. विकणाऱ्यानं एकच दिलं होतं, पायातलं, आणि तेही ऑलराउंड.

आप्पांनी मला विहिरीत पोहायला शिकवलेलं. पाठीला तेलाचा पत्र्याचा डबा बांधून वरून ढकलायचं, ही त्यांची पद्धत. माझ्याआधीच्या पिढीला वाळका भोपळा बांधत.

"हे किती लिटरचं म्हणालास?"

"तीनशे."

"डबा पंधराचा होता," आप्पा म्हणाले. "तेवढ्यात तरंगायचास की."

आता पंप. बोर्डात हवा भरायची ती १५ पीएसआय. हे ऐकून आप्पा म्हणाले, पंधरा पीएसआय अख्ख्या तालुक्यात मिळून नसतील, तुला कोण देणार? मी सांगितलं, हे दाबाचं माप आहे. ते म्हणाले, तेच म्हणतोय मी.

पंपाला एक काटा असतो. तो हलत नाही. पन्नास वेळा दांडा वरखाली केला, शंभर वेळा केला, काटा शून्यावर. दीडशेला मी थांबलो आणि व्यवसायाला जागून गेज सदोष असल्याची नोंद केली. गेज सदोष नव्हतं. बोर्ड पूर्ण फुगेपर्यंत आत दाब तयारच होत नाही. तोपर्यंत तुम्ही नुसती जागा भरत असता. काटा हलायला लागतो तेव्हा तुमचं काम संपत आलेलं नसतं, सुरू झालेलं असतं. आठनंतर दांडा खाली जायला माणूस त्याच्यावर लटकावा लागतो. माझं ८७ किलो वजन उपयोगी पडल्याची ही पहिली आणि एकमेव वेळ.

पंधराला पोचलो. शर्ट अंगाला चिकटलेला. अभिमानानं पाइप फिरवून काढला.

व्हॉल्व्हमध्ये मधोमध एक पिवळी पिन असते. ती दाबून फिरवली की खाली बसते आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. पुन्हा दाबली की वर येते आणि बंद होतो. भरताना पिन वर हवी. माझी खाली होती. तीनशे लिटर हवा आप्पांच्या अंगणात चार-पाच सेकंदांत परत आली. गाय दाव्याला हिसका देऊन उभी राहिली, कोंबड्या उसात गेल्या, आणि दहा फुटांचा बोर्ड माझ्यासमोर हळूहळू आडवा होत गेला. आप्पांनी तंबाखूची डबी उघडली, चुना लावला, मळली, तोंडात टाकली. मग म्हणाले, "आता पुन्हा भरायचं असतं का?"

जपानी लोकांनी पोका-योके नावाची एक गोष्ट आम्हाला शिकवली. वस्तूची रचनाच अशी करायची की माणसाला चूक करताच येऊ नये. हा बोर्ड बनवणाऱ्यांच्या भिंतीवर ते पोस्टर लागलेलं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला आणि बोर्ड हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेला. त्यानं आधी व्हॉल्व्ह पाहिला, मग मला.

"याला नळी बसत नाही, शेठ."

मी ॲडॉप्टर काढला. तो मी वेगळा विकत घेतला होता, कारण तो वेगळाच विकतात.

"किती भरू?"

"पंधरा."

त्यानं नळी खाली ठेवली. "कारला बत्तीस भरतो. ट्रकला शंभराच्या वर. पंधरावर येतं त्याला आम्ही पंक्चर म्हणतो."

मी त्याला समजावलं की आतमध्ये वरच्या आणि खालच्या कापडाला जोडणारे हजारो धागे उभे विणलेले असतात, म्हणून तो फुग्यासारखा गोल न होता फळीसारखा सपाट राहतो. आणि क्षेत्रफळ एवढं मोठं आहे की पंधरातसुद्धा ते दोन पदर वीस टनांच्या आसपास जोरानं एकमेकांपासून लांब ओढले जातात. वीस टन ऐकल्यावर तो चार पावलं मागे सरला आणि म्हणाला, घरी भरा.

पाण्यात उतरायला जागा शोधताना जो पहिला बोर्ड भेटतो तो लोखंडी असतो. एका धरणावर मी बॅग खांद्यावरून उतरवतोय तोच रखवालदार आला.

"काय आहे हे?"

"बोर्ड."

"आणि तो वाचला का?"

तो वाचून मी परत आलो. शेवटी पवनेच्या पाण्यावर गेलो, तंबू लावणाऱ्या एका माणसाच्या ओळखीनं, त्याचं लाइफ जॅकेट अंगात घालून. समोर तुंग, बाजूला तिकोना, सकाळी सातचं आरशासारखं पाणी. तळेगाव-चाकण रस्त्यावर शिफ्ट सुटायच्या वेळी अडकून आलेल्या माणसाला एवढी शांतता एकदम दिली तर तो संशयानंच बघतो. मी आधी गुडघ्यांवर बसलो, मग एक पाय, मग दुसरा. पाय बोर्डाच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना, नजर क्षितिजावर, पायांकडे बघायचं नाही. हे सगळं पाठ होतं. उभा राहिलो. एक, दोन, तीन, चार. काठावरच्या तंबूतून सात-आठ वर्षांची एक मुलगी ओरडली, "काका, वल्हं उलटं धरलंय!"

मी पायांकडे बघितलं.

पाण्यातून वर आल्यावर तपासलं. मुलीचं बरोबर होतं. वल्ह्याचं पातं दांड्याशी जरा वाकडं बसवलेलं असतं आणि तो बाक पुढच्या बाजूला हवा. डोळ्यांना मात्र उलटंच सुलट वाटतं, चमच्यासारखं. पोका-योकेचा इथेही पत्ता नाही.

दुपारपर्यंत मी सलग वीस मिनिटं उभा राहत होतो, हे नोंदवणं भाग आहे. नोंदी एकतर्फी नसाव्यात. काठाशी आलो तर पुण्याकडचं एक कुटुंब वाट बघत होतं. "दादा, अर्ध्या तासाचे किती?" मी म्हणालो, माझा स्वतःचा आहे. त्या बाई म्हणाल्या, "बरं, मग दोघांचे मिळून?"

छोट्या लाटांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या थोडक्यातच भेटल्या. लाट मोजायचं सर्फिंगमधलं माप घोटाभर, गुडघाभर, कमरेएवढी असं असतं. गुडघा कुणाचा, हे ड्रॉइंगवर कुठेही दिलेलं नाही. कोकणचा समुद्र जून-जुलैत असा उसळतो की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीच बंद असते. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावरही तो लगेच निवळत नाही. तो निवळतो दिवाळीच्या सुमारास, आणि मग एवढा निवळतो की बऱ्याचदा काठावर नुसतं चुळचुळतो. छोटी लाट या दोहोंच्या मधे केव्हातरी येते, बहुधा आठवड्याच्या मधल्या वारी, जनरल शिफ्टमध्ये. मला रजा टाकून काशीदला तीन मिळाल्या. पहिल्या दोन खालून निघून गेल्या. तिसरीनं नाक खाली घातलं, आणि ६ इंच जाडीचा हवेचा बोर्ड बुचासारखा उसळून माझ्या आधी किनाऱ्याला लागला. दावं मी गाडीत विसरलो होतो.

त्यानंतर बोर्ड जिन्यातून वर गेलाच नाही. हवा काढायची, पुसायचा, वाळवायचा, गुंडाळायचा आणि पुन्हा पिनेशी बोलायचं, यापेक्षा तो भरलेलाच बरा. उन्हात ठेवू नये, आतली हवा तापून दाब वाढतो, म्हणून आप्पांच्या गोठ्याशेजारी चिंचेच्या सावलीत चार विटांवर आडवा ठेवला आहे. आप्पांची बाज सुंभ तुटून दुरुस्तीला गेली ती आलीच नाही. दुपारी जेवल्यावर ते त्याच्यावर पडतात. वजन ५२ किलो. पाय मुठीच्या दोन्ही बाजूंना, नजर चिंचेवर.

परवा कंपनीत ऑडिट चालू असताना त्यांचा फोन आला.

"मधे दबतंय जरा," आप्पा म्हणाले. "संध्याकाळी येऊन हवा भरून जा. आणि ती पिन बघ, वर असू दे."