वसाहतीचा कोट

मुंबईकराचा थंडीशी संबंध ऐकीव. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी पारा 7.4 अंशांवर उतरला होता, तो आमचा आजवरचा पराक्रम. एरवी पारा 15 वर आला की वांद्रे स्टेशनात कानटोप्या दिसू लागतात. अशा गावात गरम कपडे घ्यावेत कशाला, आणि घेतले तर डांबरगोळ्या घालून ठेवावेत कुठे? माळ्यावर आधीच गणपतीच्या आराशीचं सामान आणि पाहुण्यांच्या गाद्या.

वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत आम्ही यावर सरकारी तोडगा काढला होता. अख्ख्या इमारतीत मिळून गरम कोट एक. लुधियानाचा, बाटलीहिरवा, वजनाने खोगीर. मूळ मालक निवृत्त होऊन गावी गेले आणि कोट आपोआप सार्वजनिक झाला. रजा मंजूर व्हायच्या आधी लोक कोट राखून ठेवायचे. साहेब रजा नाकारतील, पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कोट नाकारला तर दाद कुणाकडे मागायची? कोटाच्या कपाटाची चावी त्यांच्याकडे होती.

वसाहतीतला कुठलाही अल्बम काढा, दल सरोवर असो की नैनिताल, कोट तोच. वर डोकं तेवढं निराळं. शाळकरी मुलांच्या अंगात तो घोट्यापर्यंत यायचा. खिशात आधीच्या प्रवाशाची ओव्याची पुडी सापडायची. ती वापरावी आणि नवी ठेवावी, असा शिरस्ता.

जायच्या आधी काकू सामान तपासायला यायच्या. “पायमोजे दोन-दोन घाल गं, एकावर एक.” मी सांगत असे की बुटात पाय आवळला तर रक्त खेळत नाही, बोटं उलट लवकर गारठतात. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि मग तोच अंगाला गार लागतो. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. शिवाय कपडा स्वतः गरम नसतो, थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरते, म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ कपडे बरे. काकूंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. “हवाच हवी होती तर लुधियानापर्यंत कशाला जायचं? वांद्र्यात खाडीची भरपूर आहे,” त्या म्हणाल्या, आणि आणखी दोन सुती बनियन बॅगेत गेले.

पुढे विमानं स्वस्त झाली आणि 15 किलोंची मर्यादा आडवी आली. चिवडा, लाडू, दशम्या आणि लोणच्याची बरणी कमी करणं शक्य नव्हतं. (काश्मिरात लोक जेवतात, यावर आमच्याकडे कुणाचा विश्वास नाही.) उरला कोट. तो अंगावरच घालून निघायचं ठरलं. सहली मुलांच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात. कलानगरच्या सिग्नलला उन्हात रिक्षा थांबली की रिक्षावाला आरशातून बघायचा आणि विचारायचा, “काका, थंडी वाजून आलीय का? आधी डॉक्टरकडे घेऊ?” वांद्रे टर्मिनसवरून स्वराज एक्स्प्रेसने थेट कटऱ्याला जाणारे शहाणे, त्यांना वजनाचा जाच नाही. पण एसी डब्यातल्या गारठ्याने कोट सुरतेच्या आतच बाहेर निघायचा. खरं सांगायचं तर त्याला हिमालयापेक्षा रेल्वेनेच जास्त कामाला लावलं.

कारण बर्फात त्याची डाळ शिजली नाही. मनालीहून रोहतांगला निघालं की वाटेत भाड्याने कोट-गमबूट देणारी दुकानं लागतात, क्रमांक घातलेली. ड्रायव्हर ठरलेल्या क्रमांकासमोर गाडी उभी करतो, आपल्या कोटाची बाही चिमटीत धरतो आणि म्हणतो, “ये नहीं चलेगा.” मग सगळं कुटुंब भाड्याच्या भडक निळ्या-गुलाबी कोटांत बर्फावर घसरतं आणि वसाहतीचा कोट टॅक्सीत लोणच्याची राखण करतो. मनालीच्या अल्बममधले त्याचे सगळे फोटो हॉटेलच्या दारातले आहेत.

आता वसाहतीच्या जागेवर मुंबई उच्च न्यायालयाचं नवं संकुल उभं राहतंय. 2025 च्या नोव्हेंबरात पायाभरणीही झाली. बिऱ्हाडं पांगली. कुणी बोरिवलीला, कुणी मुलुंडला, काकू मुलाकडे पुण्याला. पांगापांगीत कोट नेमका कुणाच्या ट्रंकेत गेला, त्याचा पत्ता नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया कळवावं. आम्हाला मेमध्ये सिमल्याला जायचंय. ओव्याची पुडी नसली तरी चालेल.